उंची सांगणारा साक्षीदार

गेल्या हिवाळ्यात आमच्या भाच्याचा जर्मनीहून दूरध्वनी आला. भाचा मूळचा इंदूरचाच. शिक्षण येथे झाले, पहिली नोकरी पुण्यास लागली, आणि तेथे हडपसरच्या ग्लायडिंग केंद्रात त्यास इंजिनाविना उडण्याचे वेड लागले. पुढे नोकरीनिमित्त तो जर्मनीत स्थायिक झाला, तरी हे वेड सुटले नाही. तो देशच या खेळाचे माहेर. तेथे गावोगावी ग्लायडरांची मंडळे आहेत. सभासद वर्गणी काढतात, उन्हाळ्यात उडतात आणि हिवाळ्यात आपल्याच हातांनी विमानांची डागडुजी करतात. भाचा अशाच एका मंडळाच्या कार्यकारिणीवर आहे.

"मामा," तो म्हणाला, "तुमचे सारे आयुष्य पाण्याच्या पातळ्या मोजण्यात गेले. आम्हांला एक सल्ला हवा आहे. शिकाऊ ग्लायडरमधला काट्यांचा उंचीमापक काढून आकडे दाखवणारा बसवावा की नाही, यावर मंडळात दोन तट पडले आहेत. तुम्ही काय कराल?"

आम्हांस प्रथम हसू आले. साठी उलटलेला, कधी ग्लायडरात पाय न ठेवलेला मनुष्य यात काय सांगणार? परंतु दोन दिवस विचार केल्यावर ध्यानात आले की, प्रश्न केवळ उपकरणाचा नाही. आपण कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवतो, का ठेवतो, आणि तो विश्वास चुकीचा ठरल्यास उत्तरदायी कोण, असा तो प्रश्न आहे. आणि या प्रश्नाशी आमची जुनी ओळख आहे. ती ओळख सुखाची नाही, पण तिची हकीकत पुढे येईलच.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ग्लायडरला इंजिन नसते. जमिनीवरील विंच दोराने ओढून त्यास साधारण तीनशे ते पाचशे मीटर उंचीवर नेते. तेथून पुढे वर चढणाऱ्या ऊन हवेचा आधार मिळाला तर घार जशी घिरट्या घेत वर जाते तसे जायचे, न मिळाला तर हळूहळू उतरायचे. भाच्याच्या मंडळाचे दोन आसनी ग्लायडर एक मीटर उतरताना सुमारे चौतीस मीटर पुढे जाते. म्हणजे उंची हेच त्याचे इंधन. मोटारगाडीत पेट्रोलचा काटा पाहावा तसे वैमानिकाने उंचीमापकाकडे पाहावयाचे. फरक एवढाच की येथे रस्त्याच्या कडेला थांबता येत नाही.

हा उंचीमापक उंची मोजतो का? तर नाही. तो हवेचा दाब मोजतो. टॉरिचेलीने १६४३ साली पाऱ्याची नळी उभी केली आणि हवेला वजन असते हे लोकांच्या डोळ्यांस दिसले. पुढे पास्कालने आपल्या मेहुण्याकडून एक प्रयोग करविला. १९ सप्टेंबर १६४८ रोजी फ्लोरँ पेरिए हा गृहस्थ फ्रान्समधील प्युई द डोम या डोंगरावर पाऱ्याची नळी घेऊन चढला. वर पोचल्यावर पारा सुमारे तीन इंच खाली आलेला होता. या प्रयोगातील एक तपशील आम्हांस विशेष आवडतो. पेरिएने तशीच दुसरी नळी पायथ्याच्या मठात ठेवली होती आणि ती दिवसभर पाहत बसण्याचे काम एका साधूस सांगितले होते. खालचा पारा हलला नाही, म्हणूनच वरच्या पाऱ्याच्या बोलण्यास अर्थ आला. एक साक्षीदार डोंगरावर गेला तेव्हा दुसरा घरी राहिला होता, हे विसरू नये.

पाऱ्याची नळी विमानात नेणे अवघड. ती अडचण लुसियँ व्हिदी या फ्रेंच गृहस्थाने १८४४ साली दूर केली. पातळ धातूची, आतील हवा काढून घेतलेली चपटी डबी त्याने योजली. बाहेरचा दाब वाढला की डबी दबते, कमी झाला की फुगते, आणि ही केसभर हालचाल दांडे व दातेरी चक्रे वाढवून काट्यापर्यंत नेतात. १९२८ साली जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या पॉल कोल्समनने याच तत्त्वावर अतिशय सूक्ष्म उंचीमापक बनविला. २४ सप्टेंबर १९२९ रोजी जिमी डूलिटल या वैमानिकाने आपले आसन पडद्याने झाकून घेतले, आणि बाहेर एकदाही न पाहता केवळ उपकरणांच्या आधारे विमान उडविले, फिरविले व उतरविले. त्या दिवशी हाच उंचीमापक त्याच्यापुढे होता. पुढच्या आसनावर, गरज पडल्यास विमान हाती घेण्यासाठी, दुसरा वैमानिक उघड्या डोळ्यांनी बसलेला होता, हेही येथे सांगितले पाहिजे.

नव्या उपकरणात डबीच्या जागी सिलिकॉनचा पातळ पडदा असतो. दाबाने तो किंचित वाकतो, त्याचा विद्युत् रोध बदलतो, आणि एक लहानसा संगणक त्यावरून गणित करून आकडा दाखवितो. म्हणजे जुने असो वा नवे, दोघेही तेच करतात. दाब पाहतात आणि उंची सांगतात. आपल्या नैयायिकांच्या भाषेत बोलायचे तर हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे. डोंगरावर धूर दिसला म्हणून अग्नी आहे असे म्हणावे, त्याच जातीचे. आणि अनुमान जितके व्याप्तीवर अवलंबून तितकेच येथे ते एका गृहीतावर अवलंबून आहे. समुद्रसपाटीस दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल व तापमान १५ अंश सेल्सिअस अशी एक आदर्श हवा मानून ही उपकरणे आखलेली असतात. खरी हवा आदर्श नसते. म्हणून तबकडीच्या कडेला एक लहान कळ असते, ती फिरवून त्या दिवसाचा दाब वैमानिकाने हाताने लावायचा. तो चुकला की सर्वच चुकले.

आमच्या इंदुराचेच उदाहरण घ्या. शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. येथे आभाळात ढगही नसताना, वारा पडलेला असताना, सकाळी दहाच्या सुमारास दाब सर्वांत अधिक असतो आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी. फरक तीन-चार हेक्टोपास्कलांचा. एक हेक्टोपास्कल म्हणजे येथे साधारण नऊ मीटर. सकाळी उंचीमापक बिनचूक लावून टेबलावर ठेवला, तर चहाच्या वेळेपर्यंत आपले घर तीसएक मीटर वर गेलेले दिसेल. जुन्या उपकरणाचा काटा ही गोष्ट ढोबळपणे सांगेल, नवे उपकरण ती मीटरच्या हिशेबाने सांगेल. परंतु घर दोन्ही वेळा जागेवरच असेल.

एवढे कळल्यावर भाच्याच्या मंडळातील दोन तटांकडे वळू.

नव्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे आम्हांस खोटे वाटत नाही. जुन्या यंत्रात चक्रांचे घर्षण असते. इंजिन असलेल्या विमानात सतत कंप असल्याने काटा मोकळा राहतो, ग्लायडरात ती सोय नाही. तेथे काटा अडकून राहतो आणि दहा-वीस मीटर मागे पडतो. म्हणून ग्लायडरचे वैमानिक काचेवर बोटाने टिचकी मारतात, आणि काटा दचकून आपल्या जागी जातो. वर जाताना एक व खाली येताना दुसरे असेही ते यंत्र बोलते, कारण धातूची डबी पूर्ववत होण्यास वेळ घेते. सिलिकॉनला असले आळस नाहीत. शिवाय जुनी यंत्रे खोलून, पुसून, पुन्हा जुळविणारे हात कमी होत चालले आहेत.

आणि जुने यंत्र माणसाला फसवीत नाही असे मानणे हा भाबडेपणा आहे. मोठ्या विमानांत पूर्वी तीन काट्यांची तबकडी असे. एक काटा शेकड्यांचा, दुसरा हजारांचा, तिसरा दहा हजारांचा. ती वाचताना दहा हजार फुटांची चूक सहज होई. २८ एप्रिल १९५८ रोजी स्कॉटलंडमध्ये प्रेस्टविकजवळ एक व्हायकाउंट विमान याच चुकीने जमिनीवर आदळले. वैमानिकांस आपण चौदा-पंधरा हजार फुटांवर आहोत असे वाटत होते, प्रत्यक्षात दहा हजार फूट वजा करायचे राहिले होते. आतील पाचही जण वाचले हे दैव. त्या दिवशी यंत्र अगदी खरे बोलत होते, ऐकणाऱ्याने चुकीचे ऐकले. तेव्हा "जुने ते सोने" म्हणून आम्ही हा विषय संपवू शकत नाही. आमच्या वयाच्या माणसाने तर ते वाक्य उच्चारण्यापूर्वी दोनदा विचार करावा, कारण त्यात यंत्राची कैफियत कमी आणि स्वतःची अधिक असते.

आता जुन्याच्या बाजूने. पहिला मुद्दा असा की सूक्ष्मता आणि सत्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत. काटा दोन रेघांच्या मध्ये थरथरत असतो तेव्हा तो स्वतःची मर्यादाही सांगत असतो. "साधारण येथे" एवढेच त्याचे म्हणणे. "२४७" असा आकडा उजळून आला की त्याबरोबर कसलीही शंका येत नाही. सकाळपासून दाब उतरला असेल तर खरी उंची २१५ असेल, पण २४७ हा आकडा तेवढ्याच निर्विकारपणे उभा राहील. सौम्य मनुष्य चुकीचे सांगतो तेव्हा आपण पुन्हा विचारतो. ठाम मनुष्य चुकीचे सांगतो तेव्हा मान डोलावतो.

दुसरा मुद्दा बिघाडाचा. जुने यंत्र बहुधा हळूहळू म्हातारे होते. आधी अडखळते, मग मागे पडते, टिचकी मागते. नवे उपकरण शेवटच्या क्षणापर्यंत तरुण असते आणि मग एकदम निघून जाते, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीचा आकडा तशाच तेजाने दाखवीत राहते. २५ फेब्रुवारी २००९ रोजी ॲम्स्टरडॅम येथे उतरताना एका बोइंग ७३७-८०० विमानाचा रेडिओ उंचीमापक उणे आठ फूट दाखवू लागला. हे उपकरण निराळ्या जातीचे, दाबाचे नव्हे. परंतु बोध तोच. विमान हवेत असताना आकडा जमिनीखालचा होता. स्वयंचलित यंत्रणेने तो खरा मानला आणि इंजिनांची शक्ती कमी केली. वेग घटत गेला हे माणसांच्या ध्यानात आले तेव्हा उशीर झाला होता. १३५ जणांपैकी ९ जण मृत्यू पावले.

तिसरा मुद्दा भाच्यानेच सांगितला. आजच्या ग्लायडरात टक्कर टाळण्याचे उपकरण असते, हवा वर जाते की खाली हे सांगणारे उपकरण असते, आणि त्यांच्या पडद्यांवर उंचीचा आकडा आधीच दिसत असतो. मग आणखी एक आकडा कशाला? सारी उपकरणे एकाच बॅटरीवर चालत असतील तर तो एकच साक्षीदार पुन्हा पुन्हा बोलल्यासारखे आहे. नव्या उपकरणात स्वतःची लहान बॅटरी असते, असे दुसरा तट म्हणतो. खरे आहे. परंतु जुने असो वा नवे, बाहेरची हवा ज्या नळीतून येते ती नळी बहुधा एकच असते. तिच्यात पाण्याचा थेंब वा किडा अडकला तर काटा आणि आकडा दोघे एकमताने खोटे बोलतील, आणि त्यांचे एकमत पाहून आपण निर्धास्त होऊ. कचेरीत ज्यांनी आयुष्य काढले त्या वाचकांस हे समजावून सांगणे नको. एकाच लिपिकाने तयार केलेल्या टिपणीवर पाच अधिकाऱ्यांच्या सह्या झाल्या म्हणून ती पाच वेळा तपासली गेली असे होत नाही.

येथे आम्हांस आमची हकीकत सांगणे भाग आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही राज्य शासनाच्या पाण्याशी संबंधित एका खात्यात होतो आणि माळव्यातील एक मध्यम आकाराचे धरण आमच्या अखत्यारीत होते. नावे सांगण्यात अर्थ नाही. धरणाच्या भिंतीवर पातळीची रंगविलेली पट्टी होती, आणि धोक्याच्या पातळीस लाल रेघ. चौकीदाराने दर तासाला कंदील घेऊन जायचे, पाणी कोठवर आले ते पाहायचे आणि वहीत लिहायचे. त्या वर्षी नवे उपकरण आले. भिंतीलगतच्या विहिरीत दाब मोजणारी नळकांडी सोडली आणि नियंत्रण कक्षात सेंटिमीटरपर्यंत पातळी दाखविणारा आकडा उजळू लागला. आम्हांस त्याचा अभिमान वाटला, हे लपविण्यात अर्थ नाही. पाहुण्यांना आम्ही तो आकडा दाखवीत असू.

ऑगस्टमधल्या एका रात्री पाऊस कोसळत होता. आम्ही स्वतः नियंत्रण कक्षात होतो. आकडा धोक्याच्या पातळीच्या बराच खाली होता. साडेदहाच्या सुमारास चौकीदार भिजून चिंब होऊन आत आला आणि म्हणाला, "साब, पानी लाल लकीर को छू रहा है." आम्ही पडद्याकडे बोट दाखविले. तो काही क्षण त्या आकड्याकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "आप चलके देख लेते तो अच्छा होता." बाहेर पाऊस होता. आम्ही गेलो नाही. लाटेने रेघ भिजली असेल, असे त्यास सांगितले.

आकडा गेल्या दोन तासांत एका सेंटिमीटरनेही हलला नव्हता. पाऊस पडत असताना पाणी स्थिर कसे राहील, हा प्रश्न शाळकरी मुलास पडला असता. आम्हांस तो साडेबारा वाजता पडला. विहिरीस पाणी आणणारे भोक गाळाने बुजले होते. बाहेर जलाशय चढत होता आणि आत नळकांडी साचलेल्या पाण्याची पातळी प्रामाणिकपणे सांगत होती. त्यानंतर दरवाजे एकदम उघडावे लागले. दहा वाजल्यापासून थोडे थोडे उघडले असते तर खालच्या वस्त्यांना पाणी चढताना दिसले असते, आवरायला वेळ मिळाला असता. मनुष्यहानी झाली नाही. नदीकाठच्या भाजीच्या वाड्या गेल्या, पंप गेले, आणि एका कुटुंबाच्या पाच म्हशी दावणीलाच बुडाल्या. सकाळी आम्ही तेथे गेलो तेव्हा त्या घरातील बाई आम्हांस काही बोलली नाही. दावी तशीच खुंट्यांना होती.

चौकशी झाली. आमच्या अहवालात कारण दिले होते, "उपकरणातील दोषामुळे पातळीची योग्य माहिती वेळेत प्राप्त होऊ शकली नाही." वाक्य व्याकरणशुद्ध होते आणि कोणासही बाधक नव्हते. साडेदहा वाजता एक मनुष्य योग्य माहिती घेऊन वेळेत आला होता, हे त्यात नव्हते. चौकीदारानेही ते कोणास सांगितले नाही. त्याच्या वहीत त्या रात्रीची नोंद होती की नाही, हे आम्ही पाहिले नाही, कारण पाहिले असते तर अहवाल बदलावा लागला असता. तो आता हयात नाही.

भाच्याचा प्रश्न ऐकून आम्हांस हे सर्व आठवले, आणि म्हणून आम्ही तो हसण्यावारी नेला नाही.

ज्ञान खरे कशाने ठरते, यावर आपल्याकडे मीमांसक आणि नैयायिक शतकानुशतके वाद घालीत आले. मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असते; त्याचे खंडन करणारे दुसरे ज्ञान निघेपर्यंत ते खरेच धरून चालायचे. नैयायिक म्हणतात, ज्ञानाचे प्रामाण्य बाहेरून ठरते. समोर पाणी दिसले, पुढे गेलो, प्यालो, तहान भागली, तेव्हा ते ज्ञान खरे ठरले. तरुणपणी हा वाद आम्हांस पोकळ वाटे. आता वाटतो तसा नाही. दैनंदिन व्यवहारात आपण सगळेच मीमांसक असतो आणि असणे भाग आहे. घड्याळ, तराजू, तापमापक यांच्यावर प्रत्येक क्षणी संशय घेऊ लागलो तर दिवस मावळेल. परंतु मीमांसकानेही एक अट घातलेली आहे. बाधक ज्ञान समोर आले की हटून बसता येत नाही. आमचा दोष यंत्रावर विश्वास ठेवण्यात नव्हता. बाधक ज्ञान भिजलेल्या कपड्यांनी दारात उभे असताना आम्ही उठलो नाही, यात होता.

मग ग्लायडरच्या वैमानिकास बाधक ज्ञान कोठून मिळावे? त्याच्या डोळ्यांपासून. भाचा सांगतो की चांगले शिक्षक काही उड्डाणांत उंचीमापक मुद्दाम झाकून टाकतात आणि शिकाऊ मुलास उतरण्याचा मार्ग धावपट्टी कोणत्या कोनात दिसते यावरून ठरवायला लावतात. यामागे मोठे शहाणपण आहे. हवेने दगा दिला तर ग्लायडर परक्या शेतात उतरवावे लागते, आणि त्या शेताची समुद्रसपाटीपासूनची उंची कोणत्याही उंचीमापकास ठाऊक नसते. सकाळी निघताना तळावर शून्य लावलेले असेल तर तो शून्य फक्त त्या तळाचा. टेकडीवरच्या शेतात उतरणाऱ्यास तो शून्य जमिनीत गाडील. तेथे काटा आणि आकडा दोघेही गप्प, आणि बोलतो तो केवळ सराव झालेला डोळा.

आम्हांस येथे उज्जैनची वेधशाळा आठवते. माळव्याचा सुभेदार असलेल्या सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात ती बांधली आणि ग्वाल्हेर दरबाराने १९२३ साली तिचा जीर्णोद्धार केला. जयसिंहापाशी पितळेची नाजूक यंत्रे होती. परंतु त्यांचे आस झिजतात, मध्य सरकतो आणि आकार लहान म्हणून सूक्ष्म भाग आखता येत नाहीत, असे त्यास आढळले. म्हणून त्याने दगड-चुन्याची प्रचंड यंत्रे उभारली. त्याच्या काळी नवे ते पितळेचे नव्हते, दगडाचे होते! त्याने जुन्या-नव्याचा विचार केला नाही. कोठे चूक शिरते आणि ती कशी उघडी पडते, एवढेच पाहिले. आणि एकाच नगरीत न थांबता दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी व उज्जैन अशा पाच ठिकाणी वेधशाळा केल्या, कारण एका ठिकाणचा वेध दुसऱ्या ठिकाणच्या वेधाने पडताळावा. पायथ्याच्या मठातील दुसरी नळी ती हीच.

या कसोटीवर आम्ही भाच्यास उत्तर कळविले. त्यांच्या ग्लायडरात पुढे शिकाऊ बसतो आणि मागे शिक्षक. दोघांपुढे स्वतंत्र तबकड्या असतात. प्रस्ताव दोन्ही एकदम बदलण्याचा होता, कारण दोन एकदम घेतले तर स्वस्त पडते. आम्ही लिहिले: दोन्ही बदलू नका. एक नवा बसवा आणि एक जुना ठेवा. शिकाऊ मुलापुढे काटा असावा, कारण काटा फिरताना दिसतो, उंची किती आहे यापेक्षा ती कशी जाते आहे हे तो सांगतो, आणि टिचकी मारण्याची सवय ही शंका घेण्याची पहिली सवय आहे. शिक्षकापुढे आकडा असावा, कारण आकड्यावर केव्हा विश्वास ठेवू नये हे त्यास ठाऊक असते. आणि ठरावीक वेळी दोघांनी आपापली उंची मोठ्याने सांगावी. दोन्हींत अंतर पडले तर वाद न घालता दोघांनी बाहेर पाहावे.

शेवटी एक वाक्य आम्ही अधिक लिहिले. "तुमच्या मंडळातील सर्वांत कनिष्ठ सभासद जर म्हणाला की काहीतरी चुकते आहे, तर उठून बघा. त्यास आकडा दाखवून परत पाठवू नका."

मंडळाने आमचे अर्धेच ऐकले. मागचा उंचीमापक बदलला. पुढचा बदलायचा की नाही हे एक मोसम उडून झाल्यावर ठरणार आहे. अर्धे ऐकले याचे आम्हांस वाईट वाटले नाही. मोसमभर पाहून ठरविणे हा नैयायिकांचाच मार्ग झाला. उंची मोठ्याने सांगण्याचा नियम मात्र त्यांनी कागदावर आणला आहे.

भाच्याने फोन ठेवताना विचारले, "मामा, तुम्हांला हे सारे कसे सुचले?" आम्ही त्यास धरणाची गोष्ट तेव्हा सांगितली नाही. हा अंक त्याच्याकडे जाईल तेव्हा त्यास कळेल. वाचकांपैकी अनेकांनी शासनात, शाळेत, बँकेत अहवाल लिहिले असतील, आणि "दोषामुळे माहिती प्राप्त होऊ शकली नाही" या घडणीची वाक्ये त्यांच्याही हातून उतरली असतील. आमच्या त्या वाक्याच्या जागी आज लिहायचे तर असे लिहावे लागेल: साडेदहा वाजता चौकीदाराने पाणी लाल रेघेस लागल्याचे सांगितले, अधिकाऱ्याने जाऊन पाहिले नाही. अहवालाची प्रत कोठल्या तरी कपाटात असेल. ती आता बदलता येत नाही, म्हणून दुरुस्ती येथे नोंदविली आहे.